नंबरताई इलेक्ट्रिक गिटार घेतात

चष्म्याच्या दुकानामागच्या, खिडकी नसलेल्या एका चिंचोळ्या खोलीत बसून लोकांचे डोळे तपासायचे, हे नंबरताईंचं काम. खरं नाव दुकानाच्या पाटीवर छापलेलं होतं, पण ते कोणी वाचत नसे. "नंबर काढायचाय, ताई आहेत का?" असं विचारत माणसं आत यायची, आणि त्यातूनच कधीतरी हे नाव पडलं. त्यांनीही ते कुरकुर न करता घेतलं. उंची बेताची, आवाज खणखणीत, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवय. डोळे तपासणाऱ्याला ती लावून घ्यावीच लागते.

गिटार त्यांच्याकडे आली ती भावाच्या आळसामुळे. धाकट्या भावाने मोठ्या हौसेने घेतली, बोटं सोलवटल्यावर कपाटावर फेकून दिली, आणि माहेरी गेलेल्या नंबरताईंनी ती धूळ झटकून स्वतःच्या घरी आणली. तेव्हा मुलगी रांगत होती. ती झोपली की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं आणि ओट्याला टेकून तारा छेडायच्या, असं शिक्षण झालं. मुलगी मोठी झाली, शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, तरी गिटार चालूच होती. साधी लाकडी, पोकळ पोटाची गिटार. आपल्याला वाजवता येतं, हे नंबरताईंना पक्कं ठाऊक होतं. कोणी विचारलं तर "थोडंफार येतं हो" असलं काही त्या म्हणत नसत. "येतं," एवढंच म्हणत.

घोळ झाला तो रविवारच्या मंडळीत. नंबरताईंची धाकटी जाऊ पोहायला शिकवायची. तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या पोरांना ओरडून ओरडून तिचा गळा असा कमावलेला होता, की गायला लागली तर माइकची गरज नाही. तलावाच्या इमारतीतच वरच्या मजल्यावर एक हॉल होता. रविवारी सकाळी तो रिकामा असायचा. जावेने तो मागून घेतला आणि दोघी तिथे गाणी बसवू लागल्या. खालून क्लोरीनचा वास यायचा, खिडक्यांच्या काचा घामेजलेल्या असायच्या, पण आवाज छान घुमायचा. काही महिने मजेत गेले. मग पोस्टमनकाका आले.

पोस्टमनकाका म्हणजे नोकरीतून निवृत्त झालेले खरेखुरे पोस्टमन. आयुष्यभर पायांनी काम केलं, आता हातांनी करू, असं म्हणून त्यांनी ड्रम शिकायला घेतले होते. हाताला ताल होता, दमही होता, फक्त जोर कुठे आवरायचा ते कळत नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा ड्रम वाजवले त्या दिवशी नंबरताईंना आपला हात तारांवरून फिरताना नुसता दिसत होता. ऐकू काहीच येत नव्हतं.

"ताई, तुम्ही थांबलात का मधेच?" गाणं संपल्यावर जावेने विचारलं.

"मी सबंध गाणं वाजवलं गं बाई."

"अय्या! मला वाटलं, तुम्ही नुसत्या उभ्या आहात."

पोस्टमनकाका बिचारे ओशाळले. पुढच्या रविवारी त्यांनी ड्रमवर पंचे टाकून पाहिले, तर ड्रम उशीवर मुठी मारल्यासारखे वाजू लागले. गिटारीच्या पोटासमोर माइक लावला, तर तो असा किंचाळला की तलावातली पोरं वर बघू लागली. मग भावजींनी, म्हणजे जावेच्या नवऱ्याने, गिटारीला आतून चिकटवायचं एक यंत्र आणून दिलं. आवाज मोठा झाला खरा, पण पत्र्याच्या पिंपात बसून कोणी वाजवतंय असा. नंबरताईंनी ते यंत्र त्याच दिवशी सोलून काढलं.

"पोस्टमनकाका, तुम्ही मोकळेपणाने वाजवा," त्या म्हणाल्या. "चुकतं ते वाद्याचं. मी इलेक्ट्रिक घेते."

हे वाक्य म्हणेपर्यंत त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. पण तोंडातून निघाल्यावर ते त्यांना पटलं.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर बिघडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांची समजूत घालून तो इतका शांत झाला होता, की घरात कशानेच दचकत नसे.

"घे की," तो म्हणाला. "फक्त खालच्या बाईंचं बघ. त्यांच्या डोक्यावर आपला मजला आहे."

"त्यांनाच विचारून येते."

आणि त्या खरंच चपला घालून खाली गेल्या. खालच्या बाई एकट्या राहायच्या, शिस्तीच्या होत्या, आणि जिन्यात कोणी मोठ्याने बोललं तरी दार उघडून बघायच्या. नंबरताईंनी सरळ विचारलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. तो नंबरताईंनीच दिलेला होता.

"संध्याकाळी माझ्या बातम्या सुरू झाल्या की बंद करायचं. त्याआधी काय गोंधळ घालायचा तो घाल. आणि वाईट वाजवलंस तर सांगायला वर येईन."

"या की," नंबरताई म्हणाल्या.

पहिल्यांदा गिटारीच्या दुकानात गेल्या त्या भावजींना घेऊन. खरं तर भावजींनीच स्वतःला बरोबर घेतलं. कॉलेजात ते एका बँडमध्ये होते. तो बँड परीक्षा जवळ आल्यावर मोडला, पण भावजींच्या बोलण्यात तो अजून चालू होता. गाडीत बसल्यापासून त्यांचा पट्टा सुरू झाला. "वहिनी, गिटार कुठलीही घ्या, सगळा खेळ अ‍ॅम्पचा. आणि अ‍ॅम्प घ्यायचा तर मोठा घ्या. भिंत हलली पाहिजे."

"भिंत भाड्याची आहे, भावजी."

दुकान लांबट होतं. दोन्ही भिंतींवर गिटारी मानेला टांगलेल्या, आणि जमिनीवर अ‍ॅम्पच्या, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रांच्या, काळ्या खोक्यांची रांग. दुकानदार पन्नाशीकडे झुकलेला, पांढऱ्या केसांची पोनी घातलेला माणूस होता. त्याने नंबरताईंचा डावा हात हातात न घेता नुसता लांबून पाहिला. बोटांची टोकं घट्टे पडून कडक झालेली होती.

"बरीच वर्षं वाजवताय, ताई."

"हो. पण असली कधी नाही."

भावजींनी एक लालभडक गिटार उतरवून घेतली. नव्या गाडीसारखी चकाकत होती. नंबरताईंनी पट्टा खांद्यावर घेतला आणि त्यांचा खांदा खाली गेला. भरीव लाकडाची गिटार, पाटा घेऊन उभं राहिल्यासारखं वाटत होतं. दुकानदाराने वायर जोडली, खोक्यावरचा लाल दिवा लागला, आणि नंबरताईंनी नेहमीच्या जोमात सहाच्या सहा तारांवरून हात मारला.

जो आवाज निघाला त्याने दुकानातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. सगळ्या तारा एकमेकींवर आदळून नुसता काला झाला. त्यातून डाव्या हाताने वर्षानुवर्षांच्या सवयीने तारा करकचून दाबलेल्या. या तारा दोऱ्यासारख्या पातळ. इतक्या दाबल्यावर सूर वर चढून बेसूर झाले. नंबरताईंनी पुन्हा वाजवलं, हळू. तरी काला तो काला.

भावजी म्हणाले, "सवय होईल हो."

नंबरताईंना घाम फुटला होता, पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही. त्या दुकानदाराकडे वळल्या. "काय चुकतंय?"

दुकानदाराला हा प्रश्न आवडला असावा. तो स्टूल ओढून समोर बसला. "ताई, तुमची गिटार बोलत नव्हती, म्हणून तुम्ही तिला हलवून हलवून बोलतं केलंत. ही आधीच बोलतेय. हिला मारू नका. डावा हात असा ठेवा, की पान धरलंय आणि ते फाटायला नकोय. आणि ज्या तारा वाजायला नकोत, त्या झाकायला शिका. त्या दोन्ही हातांनी झाकायच्या असतात."

त्याने हळूच दाखवलं. उजव्या तळव्याची कड तारांच्या मुळाशी टेकवायची. नंबरताईंनी करून पाहिलं. एक तार स्वच्छ वाजली, बाकीच्या गप्प राहिल्या. थोडा वेळ त्या तेवढंच करत बसल्या. भावजी कंटाळून ड्रमच्या काठ्या बघायला निघून गेले.

त्या दिवशी त्यांनी काहीही घेतलं नाही. परतताना गाडीत भावजी म्हणाले, "लाल फक्कड होती, वहिनी. तुमच्या हातात शोभत होती."

नंबरताई हसल्या. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात रोज हेच चालायचं. चष्म्याची फ्रेम निवडताना माणूस आरशात बघतो, बायकोच्या तोंडाकडे बघतो, शेजारच्या गिऱ्हाइकाकडेही बघतो. नंबर निवडताना मात्र कोणी आरसा मागत नाही. तिथे समोरची अक्षरं दिसतात की नाही, एवढाच प्रश्न. "भावजी, शोभते ती भिंतीवर लावू. मला वाजणारी हवी."

पुढच्या खेपेला त्या एकट्या गेल्या. कामाच्या दिवशी, सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना. मधले दिवस त्यांनी घरच्या गिटारीवर हलक्या हाताने वाजवायचा सराव केला होता, आणि तो जमत नाही म्हणून स्वतःला दोनचार शिव्याही हासडल्या होत्या.

"दादा, मला घाई नाही," त्यांनी दुकानदाराला सांगितलं. "मी सांगते तसं करू द्याल? अ‍ॅम्प एकच ठेवा, बटणं एकाच जागी. मी एकच धून वाजवणार. तुम्ही एकेक गिटार द्यायची. दोनदोनच्या जोडीत. जी बरी ती ठेवायची, दुसरी परत भिंतीवर."

"आणि किंमत?"

"ही माझी हद्द." त्यांनी आकडा सांगितला. "तिच्या आतल्याच द्या. बाहेरची दिलीत तर ती मला आवडेल, आणि मग तुमचं माझं भांडण होईल."

दुकानदार खो खो हसला. दुकान रिकामं होतं. त्याने बाह्याही सरसावल्या.

नंबरताई भिंतीकडे तोंड करून बसल्या. गिटार हातात आली की रंग न बघता डोळे मिटायच्या. एकच संथ धून, जावेच्या गाण्याआधी त्या नेहमी वाजवत तीच. डोळे तपासताना त्यांनी एक गोष्ट शेकडो वेळा पाहिली होती: दुसरं भिंग लावलं की माणूस घाईने म्हणतो, हे बरं. नवं आहे म्हणून बरं वाटतं. म्हणून त्या पहिलं पुन्हा लावून विचारत. इथेही त्यांनी तेच केलं. पहिली, दुसरी, परत पहिली. दुसरी, तिसरी, परत दुसरी.

एका गिटारीची मान इतकी बारीक होती की त्यांची जाड बोटं एकमेकांच्या पायात पाय घालू लागली. ती गेली. एक सुरेल होती, पण छतावरची ट्यूब लावली की तिच्यातून माशी अडकल्यासारखी गुणगुण यायची. तीही गेली, जरा हळहळत.

मग दुकानदाराने एक अर्धपोकळ गिटार दिली. बदामी, गोलाकार, दोन्ही अंगांना नागमोडी खाचा. "ताई, लाकडी गिटारवरून येणारे बहुतेक सगळे हिच्यावर थांबतात. तुमच्या ओळखीची वाटेल."

ओळखीचीच वाटली. मांडीवर बसली तीच मुळी घरच्यासारखी. सूर गोड, उबदार. नंबरताईंनी धून दोनदा वाजवली. दुकानदार पावतीपुस्तकाकडे बघू लागला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण अशी माझ्याकडे आहे."

"अशी कुठे, ताई? ती तर साधी..."

"हिच्यावर मी तेच वाजवतेय, जे घरी वाजवते. हिला घेतलं तर माझा हात जागचा हलणार नाही." त्यांनी गिटार परत केली. "नवीन काहीतरी करायला लावेल अशी द्या."

दुकानदार आतल्या खोलीत गेला आणि एक वापरलेली गिटार घेऊन आला. भरीव लाकडाची, पण हलकी, दोन्ही बाजूंनी घासून पातळ केलेली. हिरवट निळा रंग, आणि खालच्या कडेला मोठा टवका उडालेला. डोळे मिटले असल्यामुळे नंबरताईंना यातलं काहीच दिसलं नाही. मान रुंद लागली. बोटं पसरून बसली. धून अर्ध्यावर आली तेव्हा त्यांनी एका सुरावर बोट ठेवलं आणि सवयीने पुढच्या सुराकडे निघाल्या, तर मागचा सूर अजून तिथेच होता. लाकडी गिटारीवर सूर निघतो आणि विरून जातो, म्हणून एकामागून एक सूर ओतत राहावं लागतं. हा सूर विरला नाही. त्यांनी बोट किंचित हलवलं, तसा तोही गळ्यातल्या आवाजासारखा थरथरला. त्या तशाच थांबल्या.

"ही," त्या म्हणाल्या.

मग डोळे उघडून त्यांनी टवका पाहिला. अंगठ्याने चाचपला. "कशाने झालं?"

"आधीच्या मालकाने दारावर आपटली. त्याचं लग्न झालं, मग त्याने ती विकली. या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही, ते मी विचारलं नाही."

"टवक्याचे पैसे कमी करा."

"केलेलेच आहेत, ताई."

"मग अजून थोडे करा."

त्याने थोडे केले.

अ‍ॅम्पच्या दिवशी नवरा बरोबर आला, उचलायला म्हणून. आणि भावजीही आले, कारण हा त्यांचा विषय. त्यांनी थेट रांगेतल्या सगळ्यात मोठ्या खोक्यावर हात ठेवला. "हा! हॉलच्या बाहेरपर्यंत जाईल."

नंबरताईंनी गिटार जोडली. घरी जेवढा आवाज चालेल तेवढ्यावर बटण आणलं, म्हणजे जेमतेम सुरुवातीला. एवढा मोठा अ‍ॅम्प पांघरुणात तोंड घालून कुजबुजू लागला. सुरात जीवच नाही. बटण पुढे सरकवलं, तर जीव आला, पण काउंटरवरचा पेनांचा डबाही थरथरू लागला. मग त्यांनी सगळ्यात लहान अ‍ॅम्प घेतला. तो कमी आवाजातही गोड वाजला. नवऱ्याला त्यांनी शेजारच्या ड्रमवर बसवलं.

"अहो, जोरात वाजवा. पोस्टमनकाकांसारखं."

"मला येत नाही."

"लिफ्टचं दार अडकल्यावर कसं ठोकता? तसं."

त्याने ठोकलं. लहान अ‍ॅम्पचा आवाज त्यात बुडून गेला. भावजी विजयी मुद्रेने मोठ्या खोक्याकडे बघू लागले.

"भावजी, मोठा हॉलसाठी बरोबर आहे, घरासाठी नाही. लहान घरासाठी बरोबर आहे, हॉलसाठी नाही," नंबरताई म्हणाल्या. "मला दोन्हीकडे वाजवायचंय. दादा, मधलं काय आहे?"

दुकानदाराने मधल्या आकाराचा एक अ‍ॅम्प पुढे ओढला. त्याच्या पाठीमागे एक छोटं बटण होतं. एकीकडे केलं की पूर्ण ताकद, दुसरीकडे केलं की ताकद कमी, पण आवाजाचा पोत तोच. नवऱ्याचे डोळे चमकले. तो गुडघ्यावर बसून मागच्या जाळीतून आत डोकावू लागला.

"झाकण उघडून बघू का?"

"नको!" दुकानदार आणि नंबरताई एकदमच ओरडले.

घरच्या बटणावर वाजवलं, सूर जिवंत होता. हॉलच्या बटणावर वाजवलं, नवऱ्याने ड्रम बडवले, तरी प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला. नंबरताईंनी मोठा अ‍ॅम्प परत एकदा लावून पाहिला, मग पुन्हा मधला. भावजी कान देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. "वहिनी, मानलं. मधलाच." आणि ते मनापासून म्हणाले, कारण पुढे जाऊन अ‍ॅम्पचं एक टोक त्यांनीच उचललं आणि सबंध वाटभर जिन्यात कसा न्यायचा यावर व्याख्यान दिलं.

पहिल्या रविवारी हॉलमध्ये वेगळीच तक्रार झाली. "ताई, आज मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये!" जाऊ म्हणाली. पोस्टमनकाका काठ्या मांडीवर ठेवून हसत होते. "आता माझ्या बाजूने कोणीतरी आलं."

नंबरताईंनी आवाज उतरवला. मग सहाऐवजी दोनच तारा वाजवल्या. मग एकच. महिनाभर त्या दर रविवारी काहीतरी कमी करत गेल्या, आणि गाण्यात गिटार जास्त जास्त ऐकू येत गेली. जावेच्या ओळी संपतात तिथे आता त्या एक लांब सूर ठेवत. तो सूर संपेपर्यंत जाऊ पुढची ओळ उचलत नसे. हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, ते आपोआपच झालं. घरी सकाळी दुकानात जायच्या आधी त्या सराव करत. खालच्या बाई एकदा वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि "काल चुकत होतीस ते आज नीट केलंस" एवढं सांगून निघून गेल्या.

पोहण्याच्या क्लबचा वार्षिक कार्यक्रम आला, तेव्हा जावेने तिघांचं नाव देऊन टाकलं. खुर्च्या भरल्या. ओले केस पुसत पोरं मागे उभी राहिली. भावजींनी पहिल्या रांगेत जागा धरली होती, शेजारी नंबरताईंचा नवरा. पहिली दोन गाणी व्यवस्थित झाली. तिसऱ्या गाण्यात जाऊ रंगात येऊन मागे सरकली, तिचा पाय वायरीत अडकला, आणि गिटारीतून वायर सटकन निघाली. आवाज एकदम गेला. जावेने घाबरून नंबरताईंकडे पाहिलं. पोस्टमनकाकांचे हात क्षणभर अडखळले.

"काका, चालू ठेवा," नंबरताई म्हणाल्या. त्या खाली वाकल्या, वायर उचलली, अंगठ्याने टोक पुसलं, आणि चार मात्रा मोजून, नेमकी समेवर, परत खोचली. अ‍ॅम्पमधून "भक्क!" असा दणका उठला आणि त्याच्या मागोमाग त्यांचा सूर. लोकांना वाटलं, हे ठरवून केलेलं आहे. मागची पोरं शिट्ट्या वाजवू लागली. जावेच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि तिने अशी ओळ उचलली की खिडकीच्या काचा वाजल्या.

कार्यक्रमानंतर सामान आवरताना पोस्टमनकाका जवळ आले. कपाळावरचा घाम पुसत, अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताई, ते मधलं भक्क फार छान झालं. पुढच्या वेळी दोनदा घेऊ या का?"

"बघू," नंबरताई म्हणाल्या, आणि वायर हाताला गुंडाळता गुंडाळता, ते दुसरं भक्क कुठे बसेल याचा त्या खरंच विचार करू लागल्या.